लसणाचे फुलदांडे वाळवून ठेवायचेत, उन्हात की सावलीत? (इंदूर)

रामबागवाली
नमस्कार मंडळी. देपालपूरला नणंदेची शेती आहे, यंदा त्यांच्या लसणाला फुलाचे दांडे आलेत. म्हणजे पातीच्या मधून तो हिरवा गोल लांब दांडा निघतो ना, टोकाला चोचीसारखी बंद कळी असते, तो. तिने सगळे खुडून घेतले आणि काल गोणीभर इकडे पाठवून दिले, वर फोन, वहिनी तुम्हाला लसूण आवडतो ना मग घ्या. अहो आवडतो, पण गोणीभर? बटाट्याबरोबर परतून भाजी केली (फारच मस्त लागते, करून बघा), पिठल्यात घातले, शेजारी तीन घरी वाटले, तरी गोणी रिकामी व्हायचं नाव घेत नाहीये. फ्रीजर लहान, त्यात आधीच मटार ठाण मांडून बसलेत. गच्ची आहे, ऊन आहे, तर वाळवून ठेवता येतील का? कुणी केलंय का हे? उन्हात घालू का सावलीत? आणि सासूबाईंचं म्हणणं की तेलात बुडवून बरणीत भरून टाक, वर्षभर टिकेल. त्यावरही बोला.

छप्पनवाला_भिया
गोणी मला पाठवा, पत्ता देऊन राहिलो 😄
बाकी गंमत सोडा, २०२४ मध्ये हाच लसूण किरकोळीत चारशे रुपये किलोच्या घरात गेला होता तेव्हा आमच्याकडे फोडणीत पाकळ्या मोजून पडत होत्या. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी मंदसौर-नीमचकडे भाव इतका पडला होता की शेतकरी ट्रॉल्या रिकाम्या करून फेकून देत होते. तेव्हा फुकट आलंय तर वाळवाच.

काळीमाती
ताई, आपल्या मालव्यात लागतो त्या लसणाला सहसा असा दांडा येत नाही. तो येतो पहाडी लसणाला, हिमाचल काश्मीरकडचा, तिकडे मे-जूनमध्ये निघतात. पण थंडी कडक पडली किंवा बियाणं कोल्ड स्टोरेजमधून आणलेलं असलं की आपला लसूणही दांडे सोडतो. नणंदबाईंनी खुडले ते बरंच केलं, ठेवले असते तर झाडाची ताकद फुलाकडे जाते आणि खाली गड्डा बारीक राहतो.
एक करा, वाळवायच्या आधी कोवळे आणि जून वेगळे काढा. बुडाकडून मोडून बघायचं, कट्कन मोडला तर कोवळा, धागा सुटला तर तेवढा खालचा भाग टाका किंवा डाळ शिजताना कुकरमध्ये घालून नंतर काढून घ्या. जून भाग वाळवलात तर पुन्हा कितीही भिजवा, तोंडात दोराच येतो. गाईला घालू नका बरं का, दुधाला वास येतो.

गच्चीत_बाग
मी करते हे दरवर्षी. माझे दांडे कुंडीतले, पहाडी पाकळ्या लावलेल्या असतात त्याचे. सविस्तर लिहिते, मोठं होईल.

धुवून नुसते निथळून चालत नाही, पंच्यावर पसरून अगदी कोरडे करा. टोकाची कळी कापून टाकायची. ती जाड असते, आत बारीक गाठी असतात, बाकी सगळं खडखडीत वाळलं तरी ती आतून ओलीच राहते आणि बरणीत बुरशी लागली तर बहुतेक तिथूनच लागते. मग अर्ध्या सेंटीमीटरचे तिरके काप करा. लांब लांब तुकडे दिसायला छान दिसतात म्हणून ठेवावेसे वाटतात पण दांड्याच्या सालीवर मेणचट थर असतो, तिथून पाणी निघत नाही, जे निघतं ते कापलेल्या तोंडातून, त्यामुळे काप जितके बारीक तितकं काम लवकर. अंगठ्याएवढा जाड दांडा असला तर आधी उभा चिरा मग काप करा.

उकळत्या पाण्यातून काढायची भानगड करू नका. मेथी पालक मटार यांना ठीक आहे, लसूण कांद्याला वाळवायच्या आधी त्याची गरज नसते. लसणाचा वास कापल्यावर तयार होतो, त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं म्हणून, आणि उकळलं की तेच मरतं. मग राहतं काय, हिरवं गवत.

ऊन की सावली, तर सावली. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंदूरची हवा इतकी कोरडी असते की उन्हाची गरजच नाही. थेट उन्हात रंग उडून पिवळट पडतात आणि वासही जातो. जिन्याच्या वरची खोली, पोर्च, जिथे वारा खेळतो तिथे चाळणीवर किंवा बाजेवर जुनी सुती साडी अंथरून एका थरात पसरा, वरून दुसरी साडी, धुळीसाठी. ढीग करायचा नाही. दिवसातून दोनदा हात फिरवा. रात्री आत घ्या, पहाटे गार हवेत ओल धरतात. साधारण चार दिवस धरा, पंखा सोडला तर लवकर.

ओव्हन किंवा ते वाळवायचं मशीन असेल तर ५० ते ५५ अंश, सहा ते दहा तास, कापाच्या जाडीवर आहे. ओटीजी बहुतेक ६०च्या खाली जात नाही, तेव्हा दाराला लाकडी चमचा अडकवून फट ठेवा, वाफ बाहेर जायला पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, एक बाजू कोळसा आणि एक बाजू ओली.

झालं कधी म्हणायचं, तर काप बोटात धरून वाकवला की वाकायला नको, तुटायला पाहिजे. कोमट असताना हे बघू नका, गरम असताना सगळंच नरम लागतं. पूर्ण गार झाल्यावर बघा.

आता हे सगळे लोक विसरतात ते. बरणीत भरलं म्हणजे झालं नाही. काचेची बरणी दोन तृतीयांशच भरा आणि आठवडा-दहा दिवस रोज हलवून बघा. काप एकमेकांना चिकटले किंवा काचेला आतून दव दिसलं तर आत पाणी आहे, सगळं काढून परत वाळवा. बुरशी दिसली तर मात्र सगळं फेकायचं, वरचं वरचं काढून बाकीचं वापरायचं नाही. दहा दिवसांनंतर झाकण घट्ट आणि बरणी अंधाऱ्या फडताळात, ओट्यावर गॅसजवळ नाही.

एक किलोचे शंभर-दीडशे ग्रॅम होतात फक्त, आधीच सांगते, नंतर म्हणाल कुठे गेलं सगळं.

रामबागवाली
बापरे, प्रिंट काढून फ्रिजवर लावते आता. अंगठ्याएवढे नाहीयेत हो, करंगळीपेक्षाही बारीक आहेत. आणि जिन्याची खोली आहे आमच्याकडे, पण तिथे ह्यांचे कॅरम आणि जुने पेपर.

बडोदेकर_मावशी
इकडे बडोद्याला दांडे नाही मिळत पण हिवाळ्यात लीलू लसण, म्हणजे पातीसकट कोवळा हिरवा लसूण, खंडेराव मार्केटात ढिगाने असतो, उंधियुला लागतोच. आमच्या शेजारच्या बेन जानेवारीत तो घेऊन वर्षाचा साठा करून ठेवतात आणि वाळवत अजिबात नाहीत. बारीक चिरून, ताटात पसरून आधी ताट फ्रीझरमध्ये, कडक झाला की मग पिशवीत. असं केलं की गोळा होत नाही, चमच्याने हवा तेवढा काढता येतो. दोन पिशव्या एकात एक घालायच्या नाहीतर बर्फालाही लसणाचा वास, आइस्क्रीमलाही, आणि मग घरात भांडणं. दांड्यांनाही हेच चालेल. मटार काढा हो, मटार काय वर्षभर मिळतात.
आमच्या हवेत मला वाळवणाचा भरवसा नाही, एप्रिलपासून दमट वारं सुरू होतं, तुमच्या इंदूरची गोष्ट वेगळी. वाळवलेल्यापेक्षा फ्रीझरमधला चवीला केव्हाही सरस, असं माझं मत, सेव-उसळीच्या तरीत घालून बघा म्हणजे कळेल.

ग्वाल्हेरकर_नाना
कशाला एवढा उपद्व्याप. आमची आजी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यात लसूण तेलात घालून चिनी मातीच्या बरणीत ठेवायची, कुणाला काही झालं नाही, सगळे नव्वदी पाहून गेले. सासूबाईंचं ऐका. आणि वाळवायचंच असेल तर ग्वाल्हेरला पाठवा, मे महिन्यात गच्चीवर सकाळी टाकलं तर संध्याकाळपर्यंत कुरकुरीत.

जंतूताई
थांबा थांबा, तेलाचं ऐकू नका! मी अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काम करते म्हणून जरा दटावून लिहिते आहे, नाना रागावू नका.

लसूण जमिनीतला, त्याच्यावर मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. एरवी ते काही करत नाहीत कारण त्यांना हवा चालत नाही. कच्चा ओला लसूण तेलात बुडवला की आपणच त्यांना हवं ते करून देतो, हवा बंद, आत पाणी, आंबटपणा नाही, आणि घरातलं तापमान. त्यात जे विष तयार होतं त्याला वास नाही, बुडबुडे येतीलच असंही नाही, चवीला लसूण लसणासारखाच लागतो. मग दोन-दोन दिसणं, पापण्या पडणं, गिळता न येणं, आणि पुढे श्वास. १९८५ साली कॅनडात व्हँकूव्हरला एका रेस्टॉरंटच्या तेलातल्या चिरलेल्या लसणाने ३६ लोक आजारी पडले होते, ती बाटली फ्रिजबाहेर ठेवलेली होती. नंतर १९८९ मध्ये अमेरिकेतही असंच झालं आणि मग तिथे विकायच्या अशा लसणात आम्ल घालणं सक्तीचं केलं.

उकळून घेतलं तर? १०० अंशाला बीजाणू मरत नाहीत, त्यांना १२१ लागतं, म्हणजे प्रेशरखाली. घरच्या कढईत तेल तापवून वर ओतलं म्हणून बरणी निर्धोक झाली असं होत नाही.

तेलातलं हवंच असेल तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. किंवा तेलासकट वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, ते चालतं.

ग्वाल्हेरकर_नाना
अहो पण मग लसणाचं लोणचं? ते तर तेलातच असतं. आख्खा मालवा आणि आख्खं बुंदेलखंड खाऊन राहिलंय.

जंतूताई
प्रश्न बरोबर आहे नाना. लोणच्यात तेल राखण करत नाही, राखण करतं मीठ आणि आंबट. लिंबाचा रस, कैरी, व्हिनेगर काहीतरी भरपूर असतं, पीएच ४.६च्या खाली गेला, म्हणजे आंबटपणा पुरेसा झाला, की हा जंतू वाढत नाही. तेल वर असतं ते बुरशी लागू नये म्हणून. तुमच्या आजींच्या बरणीत नुसतं तेल नसणार, बघा आठवून, मीठ आणि लिंबू असेलच. आणि शेंगदाण्याची किंवा सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी पण वेगळी, ती कोरडी असते, पाणीच नाही तर वाढणार कशावर.

ग्वाल्हेरकर_नाना
लिंबू होतं. मोठ्या बहिणीला फोन करून विचारलं आत्ता, ती म्हणते लिंबू तर होतंच आणि तूच चोरून बरणीतला रस प्यायचास. चला, मागे घेतो.

रामबागवाली
😂😂 नाना! सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग लोणचंच घाल. तर दांड्यांचं लोणचं कसं घालायचं?

जंतूताई
दोन इंचाचे तुकडे, बरणीत उभे दाटून भरा, वरून व्हिनेगर, मीठ, थोडी साखर, मोहरी, मिरं उकळून गरम गरम ओता, दांडे बुडाले पाहिजेत. व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लतेचा आकडा बघून घ्या, आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांत चार टक्के असते, पाच असेल ती घ्या आणि पाणी घालू नका किंवा अगदी थोडं घाला. फ्रिजमध्ये ठेवा. पंधरा दिवसांनी मुरतात.
आणि त्यात लसणाच्या पाकळ्या घातल्या आणि त्या निळ्या-हिरव्या झाल्या तर घाबरून फेकू नका. गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं यांची आम्लात होणारी क्रिया आहे ती, थंडीत साठवलेल्या लसणात जास्त दिसते. चीनमध्ये तर मुद्दाम हिरवा करून खातात.

मिठ्ठू_तिलकनगर
मी मिठाचं करते. दांडे आणि खडे मीठ, वाटीला वाटी, मिक्सरमध्ये भरड फिरवायचं, हिरवागार ओला लगदा होतो, तो स्टीलच्या ताटात पातळ थापून पंख्याखाली. मीठ पाणी ओढून घेतं त्यामुळे खराब व्हायची भीती कमी, आणि वास कितीतरी जास्त राहतो नुसत्या कापांपेक्षा. वाळलं की खरवडून पुन्हा एकदा फिरवा. काकडीवर, भुट्ट्यावर, उकडलेल्या अंड्यावर. ज्यांना बीपी आहे त्यांनी अर्थात जपून. मिक्सरच्या झाकणाची रबर मात्र आठवडाभर वास मारते, वेगळं भांडं ठेवलं तर उत्तम.

छप्पनवाला_भिया
वाळवलेल्या दांड्यांची पावडर करून जीरावनमध्ये, आपल्या पोह्यावरच्या इंदुरी मसाल्यात, घातली तर? पोह्यावर? विचार करूनच तोंडाला पाणी येऊन राहिलं.

सराफा_रात्री_बारा
जीरावनमध्ये लसूण??? भिया इंदूर सोडून द्या तुम्ही. जिरं, बडीशेप, धणे, आमचूर, काळं मीठ, हिंग, संपलं. पोह्याला लसणाचा वास आला तर त्याला पोहे म्हणायचं का? बेसनात घालून लसणाची सेव पाडा, ती मालव्याची रीत आहे, तिथे कुणी हरकत घेणार नाही. गराडूवर, त्या तळलेल्या कंदावर, टाका एकवेळ.

छप्पनवाला_भिया
घरात करीन, तुम्हाला सांगणार नाही.

गच्चीत_बाग
सेवेत छानच लागते, पण पावडर अगदी मैद्यासारखी चाळून घ्या, एक जरी काप राहिला तरी साच्याच्या भोकात अडकतो आणि सेव एका बाजूने फुटते.

पावडरबद्दल सांगायचं राहिलंच. सगळ्याची एकदम पावडर करू नका. पावडर झाली की हवेतली ओल धरते, पावसाळ्यात त्याचा दगड होतो, चमचा वाकतो पण ढेकूळ फुटत नाही. काप तसेच ठेवा, लागेल तशी आठवड्यापुरती कॉफीच्या छोट्या मिक्सरमध्ये फिरवा.

आणि वापरताना, तापलेल्या तेलात वाळके काप टाकू नका. ओल्या लसणाला लाल व्हायला वेळ लागतो, हे क्षणात काळे पडतात आणि मग सगळी भाजी कडू. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, ते पाणी आमटीत ओता, फेकू नका, अर्धा वास त्यातच असतो. किंवा गॅस बंद करून मग फोडणीत टाका.

सुदामानगर_आजी
सगळं वाचलं मुलींनो. आमच्याकडे चातुर्मास कडक. कांदेनवमीला कांदा-लसणाचं शेवटचं खाऊन घ्यायचं आणि मग चार महिने बंद. म्हणजे तुमची ती बरणी नेमकी पावसाळ्यात, खराब व्हायच्या दिवसांत, नुसती बसून राहणार. ज्यांच्याकडे पाळतात त्यांनी कांदेनवमीपर्यंत संपेल एवढंच वाळवावं, बाकीचं वाटून टाकावं. आणि राहिलंच तर कार्तिकीनंतर उघडताना आधी काचेतून बघावं, मग झाकण काढावं. पापड-कुरडया ठेवतो त्या डब्यात ही बरणी ठेवू नये, पापडाला वास लागतो आणि मग उपासाचे पापडही जातात.

रामबागवाली
आजी, हे कुणालाच सुचलं नव्हतं! आमच्याकडेही सासूबाई पाळतात.
तर ठरलं असं: कोवळे निवडून अर्धे वाळवायचे, थोडं मीठ, दोन बरण्या लोणचं, बाकीचे वाटायचे. कॅरम खाली आलाय. जिन्याच्या खोलीत दोन बाजा टाकल्यात, काल रात्री निम्मे काप पसरले. वास म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारून गेले की आज पावभाजी आहे का. पसरल्यावर एक दिसलं, बारीक दांड्यांचे काप सकाळपर्यंत कडेने सुरकुतले आणि जाड बुडाचे अजून टवटवीत. वेगळे करू का?

गच्चीत_बाग
हो, आत्ताच करा. एकत्र ठेवलेत तर बारीक झाले म्हणून सगळे काढाल आणि जाडांतलं पाणी बरणीत सगळ्यांना लागेल. जाडांची बाज खिडकीजवळ सरकवा.

मिठ्ठू_तिलकनगर
आणि हात धुवायला स्टीलच्या चमच्याबरोबर घासा वगैरे लोक सांगतात, मला तरी काही फरक दिसला नाही. कापताना हातमोजे घाला, सरळ उपाय. एवढ्या ढिगाला बोटं चुरचुरतात.

बडोदेकर_मावशी
मटारांचं काय झालं शेवटी?

रामबागवाली
मटार आहेत तिथेच, मावशी. ह्यांना कचोरी हवी आहे.
एक शेवटचा प्रश्न काळीमाती दादांना. कापलेल्या कळ्या वाटीभर जमल्यात, आत त्या बारीक गाठी आहेत. कुंडीत लावल्या तर लसूण येईल का?

काळीमाती
ह्या नाही येणार, कोवळ्या खुडल्यात ना, गाठी भरल्याच नाहीत. आता चटणीत वाटा, तिखट असतात. लावायच्या असतील तर पुढच्या वर्षी नणंदबाईंना सांगा, चार-दोन दांडे झाडावरच वाळू द्यायचे, कळी आपोआप फुटते, आतल्या गाठी कडक झाल्या की काढून ठेवायच्या आणि ऑक्टोबरमध्ये लावायच्या. पण पहिल्या वर्षी त्यातून बहुतेक एकाच पाकळीचा गोल लसूण येतो, तो पुन्हा लावला की पाकळ्यांचा गड्डा. म्हणजे दोन वर्षांचा मामला आहे. आणि दांडे सोडणाऱ्या झाडाचंच बी धरताय हे नणंदबाईंना आधी सांगा, त्यांना गड्डा हवाय, दांडे तुम्हाला हवेत.